बिनडोळ्यांचा ड्रॅगन

१

शनिवारी सकाळी वासंतीबाई कर्णिकांनी मेलबर्नमधल्या क्लेटनच्या कम्युनिटी हॉलचं दार उघडलं, दिवा लावला, आणि समोरच्या भिंतीवर ड्रॅगन नव्हता.

चौकट होती. काळ्या लाकडाची, बिनकाचेची, जागच्या जागी लटकलेली. आतलं चित्र तेवढं गायब. कवळी काढलेल्या तोंडासारखी ती चौकट बाईंकडे बघत होती.

दुसरी कोणी असती तर किंचाळली असती. पण बाईंची उभी हयात पुण्याच्या एका सहकारी बँकेत तपासनीस म्हणून गेलेली. तिजोरी रिकामी दिसली की आधी ओरडायचं नसतं; आधी डोळे आणि नाक उघडे ठेवायचे. चौकटीवर ओरखडा नव्हता. चित्र धरून ठेवणारे बारीक खिळे उपटून कोणीतरी खिडकीच्या कट्ट्यावर बशीत नीट ठेवले होते. 'चोर बशीत खिळे ठेवत नाही,' बाईंनी मनात पहिली नोंद केली. एरवी सताड उघडी असणारी सामानाची खोली आज कुलूपबंद होती, ही दुसरी. तिसरी नोंद नाकाने झाली. या हॉलला एरवी शाईचा वास असे. चिनी शाईच्या कांडीत कापूर घालतात, त्यामुळे आत आलं की देवघरात शिरल्यासारखं वाटे. आज त्या कापराखाली दुसराच एक वास होता. आंबूस, लहानपणी कुठेतरी भेटलेला. नाव काही सापडेना.

चित्र साधंसुधं नव्हतं. इथे चिनी अक्षरलेखन शिकवणारे लो मास्तर मूळचे मलेशियातल्या पेनांगचे. त्यांची बायको मेई चित्रं काढायची, मास्तर अक्षरं. ढगांतून खाली झेपावणारा ड्रॅगन तिने काढला आणि शेजारी मास्तरांनी एका दमात 'ड्रॅगन' हे अक्षर लिहिलं. डोळे तेवढे राहिले. ते शेवटी रेखायचे, मुहूर्ताने. कारण डोळे मिळाले की ड्रॅगन जिवंत होतो आणि उडून जातो, अशी त्यांच्याकडची जुनी गोष्ट. बाईंना ती लगेच पटली होती. पेणच्या कारखान्यांतसुद्धा गणपतीच्या डोळ्यांची आखणी शेवटी होते, आणि ती कोणाही सोम्यागोम्याच्या हातात देत नाहीत.

मेई डोळ्यांआधीच गेली. घरात बघवेना म्हणून मास्तरांनी चित्र हॉलला भेट देऊन टाकलं. आता चिनी पंचांगातलं ड्रॅगनचं वर्ष सुरू होणार होतं, आणि पुढच्या रविवारी कौन्सिलच्या एक बाई फोटोग्राफरसमोर ते डोळे रेखणार होत्या.

"ओ माय गॉड, काकू!"

मागे चारुता उभी होती. हॉलचे कार्यक्रम ती बघायची. नाशिकहून युनीत शिकायला आली, पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळवली, आणि तेव्हापासून अर्धं लक्ष फोनमध्ये ठेवूनच बोलायची. आता मात्र फोन खाली आला.

"दार तोडलेलं नाहीये. म्हणजे किल्लीनेच उघडलं. किल्ल्या तीन आहेत, काकू. एक माझी, एक मास्तरांची..." ती थांबली. "आणि एक तुमची."

२

सलिलच्या, म्हणजे बाईंच्या मुलाच्या, घराला किल्लीच नव्हती. दार फोनवरून उघडायचं, आणि बाईंच्या फोनमधलं ते ॲप दर अपडेटनंतर रुसून बसायचं. मुलाच्या मीटिंगा, सुनेच्या शिफ्टा, नातीची युनी. त्या घरात बाईंशी न चुकता बोलायचा तो फक्त डिशवॉशर, तोही काम झाल्याची शिटी वाजवण्यापुरता. अख्ख्या ऑस्ट्रेलियात बाई स्वतःच्या हाताने उघडू शकत होत्या असं दार एकच, या हॉलचं. ती किल्ली त्या गळ्यातल्या साखळीत घालत. बुधवारी आणि शनिवारी लवकर येऊन टेबलं पुसायची, पाणी भरायचं, मग मास्तर येत.

वर्गात कोणी फारसं बोलत नसे. घरातल्या न बोलण्यात आणि इथल्या न बोलण्यात फरक होता. इथे शेजारी कोणीतरी न बोलता बसलेलं असे. पहिल्या दिवशी मास्तरांनी ब्रश हातात दिलाच नाही. कागदाचा कोपरा दिला. "बोट ओलं करा. चोळा." कोपरा सुटून दोन पापुद्रे झाले. "हा कागद दुपदरी आहे. शाई कुठवर उतरते ते आधी समजून घ्या. लिहायचं नंतर."

"मी ब्लेम नाही करत कोणाला," चारुता आता सांगत होती. "पण चित्र हॉलची प्रॉपर्टी आहे. पुढच्या संडेपर्यंत मिळालं नाही तर मला रिपोर्ट करावा लागेल. किल्ल्या परत घ्याव्या लागतील. आणि क्लासचं मग... सॉरी, काकू."

बाईंचा हात साखळीकडे गेला. चारुताने तो पाहिला आणि भलताच अर्थ काढला, हेही बाईंनी पाहिलं.

घरी येऊन त्यांनी पहिला फोन केला मुरलीधरना. हे वर्गातले दुसरे मराठी; निवृत्त इंजिनियर, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला वेरिबीत मुलीकडे राहत. आठवड्यातून दोनदा एवढं लांब गाडी हाकत येत ते अक्षरांसाठी की वेरिबीतून सुटायला, हे बाईंनी कधी विचारलं नव्हतं. दुसऱ्याचा ताळेबंद अशाने उघडा पडतो.

"उडाला असेल, वहिनी! कोणीतरी डोळे रेखले नि गेला भुर्रकन."

"बुधवारी क्लास सुटल्यावर माझी किल्ली घेऊन तुम्ही परत आत गेला होतात."

"चष्मा विसरलो होतो!"

"आणि ते चित्र तुम्ही मास्तरांकडे मागितलंही होतं."

पलीकडून एक दुखावलेला सुस्कारा. "मागितलं होतं. दिवाणखान्यात ड्रॅगन असला की भरभराट होते म्हणतात. जावयाला दाखवायचं होतं काहीतरी. पण मास्तर काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, दिलेली वस्तू हॉलची झाली. ती मीसुद्धा मागू शकत नाही. मागितली तर मेईची मान खाली जाईल. संपलं. मी पुन्हा विषय काढला नाही."

"बरं. चष्मा घ्यायला गेलात तेव्हा आत कोणी होतं?"

"मास्तर होते ना. सिंकपाशी मोठा ट्रे पाण्याने भरत होते. मला बघून केवढे दचकले! शेजारी आपल्या इंडियन शॉपमधली मैद्याची पिशवी. मी म्हटलं, काय मास्तर, भटुरे?"

बाईंनी फोन ठेवला, आणि त्या वासाला एकदम नाव मिळालं. खळ. मैद्याची शिजवलेली खळ. त्यांची आई वह्यांना कव्हरं घालायला तीच खळ करायची. आणि कुठल्या दुकानातला मैदा खळीला चांगला, हे मागच्याच महिन्यात मास्तरांनी त्यांना विचारलं होतं. बाईंनी हौसेने दुकानाचं नाव सांगितलं होतं.

३

मास्तरांच्या युनिटचं, म्हणजे दोन खोल्यांच्या घराचं, दार ग्रेसने उघडलं. ही त्यांची मुलगी, पार पश्चिमेकडच्या रखरखीत कालगुर्लीच्या हॉस्पिटलात डॉक्टर. खोलीभर पुठ्ठ्याचे खोके.

"पुस्तकं लायब्ररीला देतोय," मास्तर घाईने म्हणाले आणि चहा करायला आत गेले. बाईंचं आणि मास्तरांचं इंग्रजी आपापल्या गावचं, पण एकमेकांना चोख कळणारं.

ग्रेसला आडपडदा ठाऊक नव्हता. "तुम्हाला मी चोर वाटते का? वाटू दे, नो वरीज. आईचं चित्र त्या हॉलला द्यायच्या मी विरोधातच होते. मला कोणी विचारलं नाही. पण मी घेतलं असतं तर चारचौघांत, भांडून घेतलं असतं. आणि मी आले शुक्रवारी. डॅड मागच्या महिन्यात बाथरूममध्ये पडले होते, सांगितलं का त्यांनी? शेजाऱ्यांना दुसऱ्या दिवशी कळलं."

मास्तरांनी सांगितलं नव्हतं. बाईंना उगीचच राग आला. कोणाचा, ते कळेना.

रागावलेलं माणूस जास्त बघतं. टेबलावर फडक्यावर एक छोटा दगडी शिक्का होता, तळाला ताजा लाल रंग, चित्राखाली होता तसाच. मेईचा शिक्का. मास्तर चहा घेऊन आले, बाईंची नजर कुठे आहे ते पाहिलं आणि फडकं शिक्क्यावर ओढलं. "साफ करत होतो."

चहा निवला.

"मिसेस कर्णिक," मास्तरांनी शेवटी विचारलं, "चित्र मिळालं नाही तर तुमची किल्ली जाईल?"

"रविवारी."

मास्तरांची कपबशी वाजली. उठून ते दारापर्यंत आले, आणि कोपऱ्यातली आपली मोठी काळी छत्री त्यांनी बाईंच्या हातात दिली. बाहेर लख्ख ऊन होतं.

"न्या. मला नको आता. बुधवारी वर्ग नाही. शनिवारी या. नेहमीसारख्या लवकर."

बाई बस स्टॉपवर छत्री धरून बसल्या. उन्हात छत्री घेऊन बसलेली म्हातारी बघून लोक हसत होते. बाईंना त्या छत्रीची भीती वाटत होती. का, ते अजून जुळत नव्हतं.

४

शनिवारी दिवा लावला, आणि ड्रॅगन भिंतीवर होता.

चारुताने अक्षरशः टाळ्या वाजवल्या. "थँक गॉड! कोणी नेलं, कोणी आणलं, मग बघू!" मुरलीधर जवळ जाऊन बारकाईने बघत म्हणाले, "फिकट झालाय मात्र. ऊन लागलं वाटतं बिचाऱ्याला."

झालाच होता. आधीचा ड्रॅगन काजळासारखा काळा होता. हा पहाटेच्या धुक्यातला. ढग तर जेमतेम उरले होते. बाईंनी चष्मा पुसला आणि कागदाच्या अगदी जवळ गेल्या.

डाव्या कोपऱ्यात चहाचा डाग होता. तो त्यांचाच. हिवाळ्यात चौकट पुसायला खाली उतरवली तेव्हा त्यांच्या हातून कप हिंदकळला होता. मास्तर तेव्हा "आता तुमचीही सही झाली," म्हणून हसले होते. डाग तोच, तसाच वाकड्या बोराएवढा. पण तोही फिकट.

आणि खाली मेईचा शिक्का. तो फिकट नव्हता. कुंकवासारखा लालभडक.

बाई मागे सरल्या. सामानाच्या खोलीचं कुलूप आज निघालं होतं. त्या आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. दाराची आतली बाजू गुळगुळीत, रंगवलेली. त्यांनी मान तिरपी केली, उजेड आडवा घेतला, आणि खळीची वाळलेली चकाकी दिसली. कोणीतरी ओला कागद दारावर डकवून सुकवला होता. त्याच्या चारी कडांचा चौकोन उमटला होता, बरोबर चित्राएवढा.

त्याच्या खाली, तितकाच, आणखी एक चौकोन.

हरवलं होतं एक चित्र. सुकले होते दोन कागद.

५

बाकीचे चहाला बाहेर गेले तेव्हा मास्तर एकटेच शाई उगाळत बसले होते. बाई शेजारच्या खुर्चीवर बसल्या.

"तुम्ही उगाळत राहा, मास्तर. मी बोलते. आधी मला वाटलं, ही नक्कल. पण नक्कल करणारा माझा चहाचा डाग कशाला काढील? तेव्हा चित्र खरंच. मग म्हटलं, ऊन लागलं. पण शाई उतरते आणि शिक्का चढतो, असलं ऊन मी क्लेटनमध्ये पाहिलं नाही. शिक्का नवा मारलाय. तो दगड तुमच्या टेबलावर होता."

कांडी दगडावर गोल फिरत होती.

"आणि दारावर दोन चौकोन. पहिल्या दिवशी तुम्हीच शिकवलंत: बोट ओलं करा, कोपरा चोळा. मेईचा कागद दुपदरी होता. शाई खालपर्यंत उतरली होती, माझा चहाही. तुम्ही चित्र भिजवलंत, पापुद्रे सोडवलेत, दोन्ही खळीने नव्या कागदावर चढवून सुकवलेत. शिक्क्याचा लाल रंग खाली उतरत नाही, म्हणून खालच्यावर तो नव्याने मारलात. खालचा भिंतीवर आहे. वरचा तुमच्याकडे."

कांडी थांबली.

"हात फार थरथरत होता," मास्तर म्हणाले. "मेईलाच चांगलं जमायचं ते. दिलेलं मागता येत नव्हतं. आणि सोडून जाताही येत नव्हतं. शनिवारच्या आत सुकेल असं वाटलं होतं, मिसेस कर्णिक. हवा दमट निघाली. तुमच्यावर येईल हे माझ्या ध्यानात आलं नाही."

'सोडून जाता येत नव्हतं.' बाईंची शेवटची नोंद जुळली, आणि ती जुळू नये असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

"छत्री दिलीत तेव्हाच कळायला हवं होतं. मेलबर्नमध्ये राहणारा माणूस छत्री देऊन टाकत नाही. कालगुर्लीला?"

"मंगळवारी. ग्रेसकडे."

"आणि सांगणार कधी होता?"

मास्तरांनी कांडी फडक्याने पुसून बाजूला ठेवली. "मला निरोपाचं इंग्रजी येत नाही."

"मला तरी कुठे येतं," बाई म्हणाल्या.

बाहेर कप वाजत होते. वर्ग दुसरं कोण घेणार, हे बाईंनी विचारलं नाही. दुसरं कोणी नव्हतंच.

"गोऱ्यांचा ड्रॅगन आग ओकतो," मास्तर हळूच म्हणाले. "आमचा पाऊस आणतो. नद्या, ढग, सगळं त्याच्या हाती. तिकडे नुसती लाल माती आहे. म्हटलं, त्याला काम मिळेल." मग ते उठू लागले. "मी चारुताला सांगतो सगळं. हॉलचं अर्धं चित्र मी चोरलं. तुमची किल्ली जायला नको."

"बसा. हॉलला तुम्ही एक चित्र दिलंत. हॉलमध्ये एक चित्र आहे."

"हे खालचं आहे."

"मेईचा हात दोन्हीवरून फिरला होता ना? मग हिशेब जुळतो."

पण चारुता दारात उभी होती, हातात फोन. "काकू, मास्तर, सॉरी हं. चित्र मिळालं ते ठीकच आहे. पण मधे एक आठवडा ते कोणाकडे होतं, हे मला वर कळवावं लागणार. पोलिसांपर्यंत न्यायचं की नाही, ते वरचे ठरवतील."

मास्तरांनी तोंड उघडलं.

६

"माझ्याकडे," वासंतीबाई म्हणाल्या.

"काकू?"

"धूळ बसली होती. उद्या मोठी माणसं येणार, म्हटलं, साफ करून आणावं. जरा जास्तच साफ झालं. विचारायला हवं होतं, चुकलं माझं. तू घाबरवलंस तेव्हा बोलायचं धैर्य झालं नाही."

चारुताच्या चेहऱ्यावर जी सुटका पसरली ती बघून बाईंना हसू आलं. चोर नको होता त्या पोरीला. एक गोंधळलेली काकू हवी होती. अशा काकू तिला रोज भेटत.

"ओके. ओके, काकू. मिस्टेक होते. मी तसंच कळवते. पण किल्ली मात्र... रूल आहे."

हयातभर दुसऱ्यांच्या खोट्या नोंदी पकडलेल्या बाईंनी ही आपली पहिली खोटी नोंद अगदी स्वच्छ अक्षरात केली होती. त्यांनी साखळीतून किल्ली काढून दिली. ज्या दारामागे शाई उगाळणारं कोणी नाही, ते उघडून करायचं तरी काय?

मास्तर उभे राहिले आणि त्यांच्यापुढे कमरेतून वाकले. बरेच खाली. चारुताला वाटलं, त्यांची पाठ धरली.

रविवारी कौन्सिलच्या बाईंनी टाळ्यांच्या गजरात डोळे रेखले. एक मोठा झाला, एक छोटा. ड्रॅगन उडाला नाही. भिंतीवरूनच तिरळा बघत राहिला. मुरलीधर कानाशी येऊन पुटपुटले, "वहिनी, आता चोरीला जायची भीती नाही." मंगळवारी मास्तर गेले. विमानतळावर ग्रेस होती, खोके होते, घाई होती. निरोपाचं इंग्रजी कोणालाच लागलं नाही.

पुढे एका संध्याकाळी बाई घरापाशी आल्या तर ॲप पुन्हा रुसलेलं. आत कोणी नाही. बारीक पाऊस लागला. त्या पायरीवर बसल्या आणि मास्तरांची छत्री उघडली. ती दोघांना पुरेल एवढी मोठी होती. बुधवार होता, आणि बुधवारी आता कुठे जायचं नव्हतं.

फोन वाजला. ग्रेसच्या नंबरावरून फोटो. एक उघडीबोडकी भिंत, खिडकीबाहेर लाल माती, आणि भिंतीवर काजळासारखा काळा ड्रॅगन. बिनडोळ्यांचा. खाली मजकूर मास्तरांचा, ग्रेसने टाइप केलेला: 'पाऊस अजून नाही. याला डोळे नाहीत म्हणून असेल. माझा हात थरथरतो. डोळ्यांचा ब्रश वेगळा ठेवलाय. डाव्या कोपऱ्यात तुमची सही आहेच.'

बाईंनी फोटो बोटांनी मोठा केला. चहाचा डाग गडद होता.

सलिलची गाडी आत आली. तो धावत आला. "आई! अगं, फोन करायचास ना! किती वेळ बसलीयेस इथे?"

"बसले होते जरा. सलिल, कालगुर्लीला विमान जातं का रे?"

"पर्थवरून जावं लागतं. का? तिथे काय आहे?"

वासंतीबाईंनी छत्री मिटली, पाणी झटकलं आणि पायरीवरून उठल्या.

"दोन डोळे रेखायचे राहिलेत."